रेडिएशनच्या मशिनजवळ डॉक्टर का दिसत नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा. वडील ५८ वर्षांचे, गालाच्या आतल्या बाजूचा कॅन्सर, ऑपरेशन होऊन पाच आठवडे होत आले. रिपोर्ट पाहून रेडिएशन सांगितलं, सोबत आठवड्याला एक केमो. त्यानंतर चार चकरा झाल्या आणि प्रत्येक चकरेला समोर नवा माणूस. आधी दातांचे डॉक्टर, मग आहारतज्ज्ञ, मग मास्क बनवणारे, आणि आता ‘प्लॅनिंग चालू आहे, फोन करू’. मुलगा विचारतो: एवढी माणसं कशाला? यातले आमचे डॉक्टर नेमके कोण? रेडिएशनचा शेक देताना डॉक्टर मशिनजवळ नसतातच हे खरं का? आणि या सगळ्यात उशीर होतोय त्याला जबाबदार कोण? आईचा प्रश्न वेगळा आहे, की आत सोबत थांबता येईल का.

मी डॉक्टर नाही, मेडिकल फिजिसिस्ट आहे. फिजिक्समध्ये एमएस्सी, मग अणुशक्तीनगरला भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा वर्षभराचा कोर्स, आणि तेव्हापासून बावीस वर्षं वेगवेगळ्या हॉस्पिटलांच्या तळघरांत. (हा विभाग बहुतेक ठिकाणी तळघरात नाहीतर तळमजल्यावर असतो, कारण मशिनभोवती दीड-दोन मीटर जाडीच्या काँक्रीटच्या भिंती लागतात. वरच्या मजल्यावर एवढं वजन कोण चढवणार?) रुग्ण आम्हाला ओळखत नाहीत. कोट घालून बाहेर आलो की ‘डॉक्टर, गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर’ असं विचारतात, मी त्यांना सिस्टरांकडे पाठवतो.

उशिराचं आधी बोलू, कारण घड्याळ तिथे चालू आहे.

तोंडाच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत रेडिएशन सुरू व्हावं असा दंडक आहे. तुमचे पाच होत आले. तेव्हा उद्याच जाऊन ‘प्लॅनिंग चालू आहे’ याच्या पुढचं उत्तर मागा: पहिला दिवस कोणता? भांडू नका, पण तारीख घेतल्याशिवाय परतू नका.

गेलेल्या दिवसांतले काही खरंच लागतात. दातांचंच घ्या. किरणांमुळे जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कायमचा कमी होतो. त्यानंतर कधीही दात काढला तर जखम न भरण्याचा, हाड उघडं पडून कुजू लागण्याचा धोका असतो, आणि तो त्रास वर्षानुवर्षं पुरतो. म्हणून किडलेले, हलणारे दात आधीच काढायचे आणि हिरडी भरून यायला दहा ते चौदा दिवस द्यायचे. तंबाखू-मिशरी लावणाऱ्या माणसाच्या तोंडात असे दात एक-दोन नसतात, सात-आठ निघतात. तेव्हा दातांच्या डॉक्टरांकडे पाठवलं हे बरोबरच झालं. पण पाठवलं ते ऑपरेशननंतर, हे माझ्या मते चुकलं. ऑपरेशन ठरलं तेव्हाच सर्जन, रेडिएशनचे डॉक्टर आणि दंतवैद्य एकमेकांशी बोलले असते, तर तेच दात ऑपरेशनच्या टेबलावर, त्याच भुलेत काढता आले असते. अनेक ठिकाणी तसंच करतात. तुमचे ते दहा दिवस तिथेच वाचले असते.

अशा बोलण्यासाठीच ट्यूमर बोर्ड असतो. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये अवयवागणिक गट आहेत, त्यांना तिथे डीएमजी म्हणतात: डोकं-मान वेगळा, स्तन वेगळा, पोट वेगळं. सर्जन, रेडिएशनवाले, केमोवाले, पॅथॉलॉजिस्ट, रेडिऑलॉजिस्ट एकत्र बसून केस पाहतात. पण आपल्याकडे पुष्कळदा होतं काय, की ऑपरेशन एका गावी, रेडिएशन दुसऱ्या शहरात, केमो तिसरीकडे. तिथे टीम म्हणजे नातेवाइकाच्या हातातली प्लॅस्टिकची पिशवी. एका हॉस्पिटलाचं म्हणणं दुसऱ्यापर्यंत त्या पिशवीतूनच पोचतं, आणि पिशवीत जे नाही ते कोणालाच कळत नाही.

म्हणून पिशवी तपासा. ऑपरेशनआधीचा सीटी किंवा एमआरआय हवाच, आणि नुसती फिल्म नको, सीडी हवी. गाठ आता काढून टाकली आहे. ती कुठे होती, किती खोल गेली होती, हे रेडिएशनच्या डॉक्टरांना दाखवणारं दुसरं काही उरलेलं नाही. ऑपरेशन नोट हवी, कारण डिस्चार्ज कार्डावर दोनच ओळी असतात. आणि पॅथॉलॉजीचा पूर्ण रिपोर्ट, शक्य असेल तर स्लाइड आणि ब्लॉकसकट (काचेवरचे काप आणि मेणात ठेवलेला नमुना). त्या रिपोर्टातल्या दोन गोष्टींवर पुढचं बरंचसं ठरतं: कापलेल्या कडेला कॅन्सर सापडला का, आणि मानेतल्या लसिकाग्रंथीच्या गाठीचं कवच फोडून तो बाहेर आला का. २००४ मध्ये युरोपातली एक आणि अमेरिकेतली एक अशा दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले, तेव्हापासून या दोहोंपैकी काही असेल तर रेडिएशनसोबत केमो देतात. वडिलांना केमो सांगितली आहे, म्हणजे रिपोर्टात बहुधा यातलं काहीतरी असणार. विचारून घ्या.

मास्क झाला आणि सीटी निघाला, त्यानंतर रुग्णाला काही दिसत नाही. तेवढ्या आठवड्यात काय चालतं ते सांगतो.

मास्क म्हणजे प्लॅस्टिकची जाळीदार पाटी. साधारण ७० अंशाच्या पाण्यात टाकली की पापडासारखी लवते, चेहऱ्यावर ओढून बसवली की काही मिनिटांत कडक होते. तो घालूनच सीटी काढतात आणि पुढे रोज तोच घालून उपचार होतात, म्हणजे डोकं दररोज त्याच जागी. त्या सीटीचे काप कवटीपासून छातीच्या वरपर्यंत, तीन-तीन मिलिमीटरवर, शंभर-सव्वाशे तरी भरतात. रेडिएशनचे डॉक्टर त्यांवर रेषा मारत जातात: इथे गाठ होती, इथवर ती पसरली असू शकते, मानेच्या या भागांत कॅन्सरचे बारीक दाणे असू शकतात, ही लाळग्रंथी, हा मज्जारज्जू, हा जबडा. दोन-तीन तास सहज जातात. संगणक आता काही अवयवांच्या रेषा स्वतः मारतो, पण ऑपरेशन झालेल्या गालात, छातीवरचा स्नायू वळवून लावलेला असताना, तो गोंधळतो. माणूसही गोंधळतो. अशा वेळी आमचे डॉक्टर सर्जनना फोन लावतात. परवाच कानावर पडलेला असा होता: “सर, मागचं मार्जिन, म्हणजे कापलेली कड, कॅन्सरच्या जवळ आहे असं आलंय, ते वरच्या हिरडीकडचं की घशाकडचं?” पलीकडून उत्तर: “हिरडीकडचं ठीक आहे. जबडा उघडणाऱ्या स्नायूपाशी चिकटलं होतं, तिथे मला खात्री नाही.” ही ‘खात्री नाही’ कोणत्याही रिपोर्टात लिहिलेली नसते. त्या फोननंतर रेषा दीड सेंटिमीटर मागे सरकली.

मग फाइल माझ्याकडे येते. गाठीच्या जागेला ६० ग्रे (ग्रे हे डोस मोजायचं एकक), रोज २ प्रमाणे ३० दिवस. मज्जारज्जूला ४५ च्या वर नको. पलीकडच्या बाजूच्या लाळग्रंथीला सरासरी २६ च्या आत. या मागण्या एकाच वेळी पूर्ण होतातच असं नाही. मी दुपारभर झटून एक प्लॅन करतो आणि डॉक्टरांना दाखवतो, की लाळग्रंथी वाचते आहे पण मानेच्या या कोपऱ्यात डोस थोडा कमी पडतोय. ते म्हणतात, तिथे कमी पडून चालणार नाही, थोडी लाळ गेली तरी चालेल. कधी याच्या उलटही म्हणतात. हा निर्णय त्यांचाच, कारण भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही म्हणून ओपीडीत येणारा माणूस त्यांना दिसतो, मला पडद्यावर रंग दिसतात. पण कोपऱ्यात कमी पडतंय हे माझं मला दिसूनही मी गप्प बसलो, तर ते त्यांना कधीच कळणार नाही.

बोलस नावाची एक साधी वस्तू असते. त्वचेसारख्या मऊ जेलची पाच मिलिमीटर किंवा एक सेंटिमीटर जाडीची चकती. आपण नेहमी वापरतो त्या ६ एमव्ही ताकदीच्या किरणांचा पूर्ण जोर त्वचेवर नसतो, साधारण दीड सेंटिमीटर खोल गेल्यावर येतो. एरवी ते चांगलंच, त्वचा वाचते. पण कॅन्सर गालाच्या कातडीपर्यंत आला असेल किंवा टाक्यांच्या रेषेचीच भीती असेल, तर जोर त्वचेवर हवा. मग तिथे बोलस ठेवायचा, म्हणजे किरणांना वाटतं की शरीर इथूनच सुरू झालं. ठेवायचा की नाही हे डॉक्टर ठरवतात. कुठे, किती मोठा, ते मोल्ड रूममध्ये मास्क बनवताना आखतात. मी हिशेब बोलस धरून करतो. आणि मशिनवरच्या टेक्नॉलॉजिस्टने तो तीसही दिवस, त्याच जागी, मध्ये हवा न राहता ठेवायचा असतो. एक दिवस राहिला तर संगणक ओरडत नाही. मशिन बिनतक्रार चालतं, रुग्णालाही काही जाणवत नाही, फक्त त्या दिवशी कातडीला डोस कमी पडतो. चार माणसांच्या हातांतून जाणारी वस्तू आणि तिच्यावर मशिनचा पहारा शून्य. म्हणून आमच्याकडे बोलस लावलेला फोटो सेटअपच्या पानावर असतो, आणि दोघांपैकी एक टेक्नॉलॉजिस्ट ठेवतो, दुसरा मोठ्याने ‘बोलस’ म्हणतो. बाहेरून बालिश वाटतं खरं.

तुम्ही विचारलंत एवढी माणसं कशाला. निम्मं उत्तर हे, की कामं वेगळी आहेत. उरलेलं निम्मं हे, की प्रत्येकाचं काम दुसऱ्याने तपासायचं असतं, आणि स्वतःचं स्वतः तपासलेलं धरत नाहीत. हे आम्हाला कोर्समध्ये ज्या गोष्टीवरून शिकवलं ती कोस्टारिकाची. १९९६ साली तिथल्या सान होसे शहरातल्या एका हॉस्पिटलात कोबाल्ट मशिनचा जुना स्रोत काढून नवा बसवला. कोबाल्ट-६० दर सव्वापाच वर्षांनी निम्मा होतो, तेव्हा स्रोत बदलणं हे नेहमीचंच काम. नवा स्रोत मिनिटाला किती डोस देतो ते मोजायचं आणि त्यावरून प्रत्येक रुग्णाचा वेळ काढायचा. मोजताना टाइमरवर ०.३ मिनिट होतं. ते ३० सेकंद धरलं गेलं. खरं तर ते १८ सेकंद. म्हणजे मशिन होतं त्यापेक्षा मंद आहे असं समजून प्रत्येकाला जास्त वेळ झोपवलं गेलं. सुमारे ११५ रुग्णांना ५० ते ६० टक्के जादा डोस मिळाला, महिनाभर. मोजमाप दुसऱ्या कोणी स्वतंत्रपणे पुन्हा केलं असतं तर पहिल्याच दिवशी दोन आकडे जुळले नसते. चौथी-पाचवीतल्या मुलाला सुटेल असं गणित आहे ते. मी ते दरवर्षी नव्या मुलांना फळ्यावर सोडवायला देतो, आणि वर्गात कोणीतरी एक जण घाईत ३० लिहितोच.

म्हणून तुमच्या वडिलांचा प्लॅन एक फिजिसिस्ट करतो, दुसरा तपासतो, डॉक्टर सही करतात, आणि मग रुग्णाशिवाय तो एकदा मशिनवर चालवून मोजतो. हे संध्याकाळी, शेवटचा रुग्ण गेल्यावर होतं. सकाळी पहिल्या रुग्णाच्या आधी मशिनचा डोस तपासायचा, ३ टक्क्यांपलीकडे हलला असेल तर बाहेर रांग कितीही असो, मशिन सुरू करायचं नाही. आठवडा जातो तो असा.

आता मशिनजवळचे लोक. लोक त्यांना टेक्निशियन म्हणतात. मी इथे वकिली करणार आहे, कारण सगळ्यात कमी मान त्यांना मिळतो आणि रुग्णाला सगळ्यात जास्त तेच पाहतात. डॉक्टर आठवड्यातून एकदा ओपीडीत बघतात, मी क्वचित. टेक्नॉलॉजिस्ट रोज, तीस वेळा. मास्क कालपेक्षा सैल बसतोय, काका आज खुर्चीतून उठताना धरून उठले, आवाज बसलाय, हे त्यांच्या लक्षात पहिल्यांदा येतं. रोज उपचाराआधी मशिनवरच छोटा सीटी काढून प्लॅनच्या सीटीशी जुळवतात, तोही तेच. जुळत नसेल तर ते थांबवू शकतात. डॉक्टरांना विचारून नव्हे, आधी थांबवून मग विचारायचं.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. काही वर्षांपूर्वी, तेव्हा ज्या हॉस्पिटलात होतो तिथे, जिभेच्या कॅन्सरचे एक आजोबा होते. ऑपरेशननंतर ६० ग्रे, ३० दिवस. आठवडाभर उपचार झाल्यावर पॅथॉलॉजीचा पुरवणी रिपोर्ट आला, की मानेतल्या एका गाठीचं कवच फुटलेलं आहे. डॉक्टरांनी त्या जागेला ६६ ग्रे द्यायचं ठरवलं, म्हणजे तीन दिवस जास्त. आजींना ओपीडीत सांगितलं, कागदाच्या फाइलवर लिहून सही केली. फाइल ओपीडीच्या कपाटात, मी तळघरात. मशिनच्या संगणकात तो बदल मी चढवायचा होता आणि मला कोणी कळवलं नाही. पण दर आठवड्याला चार्ट तपासणं हे माझंच काम होतं, आणि मी संगणकातला आकडा संगणकातल्याच आकड्याशी ताडत होतो. तो जुळणारच होता.

आजींकडे चाळीस पानी वही होती. आजोबा बाहेर आले की त्या एक रेघ मारायच्या, चार उभ्या, पाचवी आडवी, दूधवाल्याच्या हिशेबासारखी. अठ्ठाविसाव्या दिवशी मशिनवरच्या ताई म्हणाल्या, “आजी, आता दोनच राहिले हं.” आजींनी वही काढली. “दोन कसे? पाच राहिले. साहेबांनी तेहतीस सांगितलेत.”

बाहेर बारा रुग्ण थांबले होते. ‘आजी, तुमचा हिशेब चुकला’ असं म्हणून ताईंना पुढच्याला आत घेता आलं असतं. त्यांनी मला फोन केला. मी डॉक्टरांना विचारलं, फाइल खाली आली, आणि रात्री साडेनऊपर्यंत बसून उरलेल्या तीन दिवसांचा प्लॅन केला. एकतिसावा दिवस चुकला नाही. तिसाव्याला मास्क टाकून दिला असता आणि आजोबा गावी गेले असते, तर कोणाच्याही कधी लक्षात आलं नसतं. त्यानंतर तोंडी किंवा कागदावरचा बदल आम्ही बदल मानत नाही. तो संगणकात चढेपर्यंत मशिनवर त्या रुग्णाचं नाव उघडतच नाही.

असंच एक उदाहरण इतिहासातलं आहे. अमेरिकेत टेक्सासमधल्या टायलर गावी १९८६ मध्ये थेरॅक-२५ नावाच्या मशिनने तीन आठवड्यांच्या अंतराने दोन रुग्णांना प्राणघातक डोस दिला. पहिल्या वेळी कंपनीने सांगितलं होतं की या मशिनकडून जास्त डोस जाणं शक्यच नाही. दुसऱ्या अपघातानंतर तिथला फिजिसिस्ट आणि मशिन चालवणारी ऑपरेटर दोघं मशिनसमोर बसले. तिला आठवत होतं की एक अक्षर चुकीचं पडलं होतं आणि ते तिने वर जाऊन झटकन सुधारलं होतं. हीच दुरुस्ती हळू केली की काही घडत नव्हतं. तिच्या सरावाच्या वेगाने केली की पडद्यावर अपघाताच्या वेळचाच ‘मालफंक्शन ५४’ हा बिघाडाचा संदेश उमटायचा. कारखान्यातल्या इंजिनिअरांना न सापडलेला दोष रोज तेच काम करणाऱ्या बोटांच्या वेगात सापडला. त्या ऑपरेटरला खोलीबाहेर ठेवून चौकशी केली असती तर आणखी किती दिवस गेले असते कोण जाणे.

केमोबद्दल थोडंच सांगतो, ते माझं क्षेत्र नाही. सिस्प्लॅटिन हे औषध देणार असतील तर दर आठवड्याला आधी रक्त तपासतात, मूत्रपिंडं पाहतात, कानात आवाज येतो का विचारतात. पेशी कमी झाल्या तर केमो पुढे ढकलतात किंवा सोडतात, रेडिएशन शक्यतो थांबवत नाहीत. हे घरच्यांना उलटं वाटतं, ‘अशक्तपणा आलाय तर दोन दिवस शेक बंद ठेवू’ असं म्हणून ते स्वतःच रुग्णाला आणत नाहीत. कृपा करून असं करू नका. मधल्या खाड्यात उरलेल्या कॅन्सरपेशी जोमाने वाढतात, आणि उपचार जितके दिवस लांबतील त्या प्रत्येक दिवसामागे आजार आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण एक टक्का किंवा किंचित जास्त घटते. मशिन बंद पडलं किंवा दिवाळीच्या सुट्या आल्या तर आम्ही शनिवारी बोलावतो, किंवा एका दिवसात दोनदा देतो, मध्ये निदान सहा तास ठेवून. त्या शनिवारी टेक्नॉलॉजिस्ट, फिजिसिस्ट, सिस्टर सगळे यायला लागतात. तुम्ही आला नाहीत तर तेवढी माणसं बसून राहतात, हे सहज जाता जाता सांगितलं.

आहारतज्ज्ञांकडे पाठवलं ते उगाच असं बऱ्याच जणांना वाटतं. तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलवटतं, तिखट सोडाच, वरणभातही झोंबतो. वजन उतरलं की गाल आणि मान बारीक होते, मास्क सैल होतो, डोकं आत हलतं, आणि मी मिलिमीटरमध्ये केलेला प्लॅन सेंटिमीटरने चुकू लागतो. मग नवा मास्क, नवा सीटी, नव्या रेषा, पुन्हा सगळं. वाटीभर नाचणीची आंबील आणि दोन अंडी वेळेवर पोटात गेली तर माझे तीन दिवसांचे श्रम वाचतात. नाकातून नळी घालायची वेळ आली तर नाही म्हणू नका, ती हार नव्हे, दोन महिन्यांची सोय आहे. तोंड उघडण्याचा व्यायामही आजपासून हवा. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या आणि जमेल तशी एकेक वाढवायची, हे फिजिओथेरपिस्ट दाखवतील. गुटखा खाणाऱ्यांचं तोंड मुळातच कमी उघडतं, रेडिएशननंतर ते आणखी आखडतं आणि मग चमचाही जात नाही.

आता, आमचे डॉक्टर कोण? रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट. फाइलवर प्रिस्क्रिप्शनखाली ज्यांची सही आहे ते. केमो दुसऱ्यांनी दिली, प्लॅन मी केला, मशिन ताईंनी चालवलं, तरी काय द्यायचं, किती द्यायचं आणि कधी थांबायचं याची जबाबदारी त्यांची. डोस बरोबर मोजला गेला का आणि मशिन ठीक आहे का याची माझी. एकमेकांवर ढकलायला जागा तशी थोडी आहे, कारण ऑन्कॉलॉजिस्ट, फिजिसिस्ट, टेक्नॉलॉजिस्ट आणि रेडिएशन सुरक्षा अधिकारी ही पदं भरलेली असल्याशिवाय अणुऊर्जा नियामक मंडळ मशिन चालवायचा परवानाच देत नाही. तुम्ही त्या सहीचं नाव लिहून घ्या आणि काहीही वेगळं वाटलं तर ‘अमुक डॉक्टरांचे पेशंट’ असं सांगा. ते पहिल्या दिवशी सेटअप पाहायला मशिनवर येतात, विचारल्याशिवाय दिसत नाहीत एवढंच. नंतर रोज येत नाहीत हे खरं. यायला लागले तर रेषा कोण मारणार?

महात्मा फुले योजनेतून करत असाल तर मंजुरीचा कागद कुठे अडलाय ते आरोग्यमित्राला विचारा. मी पाहिलेल्या उशिरांत प्लॅनिंगचा वाटा कमी आणि ‘मंजुरी आली होती, पण मशिनवर कोणी कळवलं नाही’ याचा बराच आहे.

आईंना आत थांबता येणार नाही. किरण चालू असताना रुग्णाशिवाय कोणीच आत नसतं, टेक्नॉलॉजिस्टही नाही, आणि दार नीट लागल्याशिवाय मशिन सुरूच होत नाही. पण आत कॅमेरा आहे, माइक आहे, दोन माणसं पडद्यावरून सतत पाहत असतात. पहिल्या दिवशी ताईंना विनंती केली तर बहुतेक ठिकाणी आईंना तो पडदा दोन मिनिटं दाखवतात, त्याने पुष्कळ जीव शांत होतो. शेक म्हणतात खरं, पण गरम काही लागत नाही, झटकाही बसत नाही, नुसती घरघर ऐकू येते, तीही काही मिनिटं. मास्कमध्ये जीव घाबरला, खोकला आला, काहीही झालं तरी वडिलांना एवढंच सांगून ठेवा: मान हलवायची नाही, हात वर करायचा. हात मोकळे असतात. हात वर झाला की बाहेरचा माणूस बटण दाबून किरण थांबवतो, आत येऊन मास्क काढतो, पाणी देतो, आणि नंतर जेवढं राहिलं असेल तेवढंच पुढे देतो. आधीचं फुकट जात नाही.